‘संडे’ची कुळकथा

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. परंतु मनुष्यस्वभावाचें एक मर्म त्यानें अचूक हेरलें होतें यांत शंका नाहीं. धर्मानें कांहीं अन्न वर्ज्य करावें, आणि स्वयंपाकघरानें त्या निषेधाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या जिनसा शोधून त्यांतून रोजच्या जेवणापेक्षांहि चविष्ट पदार्थ निर्माण करावे, हा प्रकार आपल्याकडे घरोघर चालत आला आहे. त्यांत गंमत अशी कीं, आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हीं चारहि मूळचीं अमेरिका खंडांतलीं. स्मृतिकारांनीं तीं कधीं पाहिलींच नव्हतीं, म्हणून त्यांस तीं निषिद्धहि ठरवितां आलीं नाहींत. आणि आज त्यांच्यावांचून उपवासाचा फराळ सिद्ध होत नाहीं! निषेधाच्या भिंतीला जी फट राहते तींतूनच नवा पदार्थ डोकें वर काढतो, असा सिद्धांत यावरून कोणी मांडला तर तो पटण्याजोगा वाटतो.

ह्याच सिद्धांताचें परदेशी उदाहरण म्हणून अमेरिकेंतील ‘संडे’ नांवाच्या थंड पदार्थाची गोष्ट नेहमीं सांगण्यांत येते. प्रस्तुत लेखांत त्या गोष्टीची थोडी छाननी करण्याचा विचार आहे. विषय क्षुल्लक आहे हें मान्य. परंतु राज्यें आणि लढाया यांच्या इतिहासांत आपले अभिमान व द्वेष इतके गुंतलेले असतात कीं, पुरावा तपासतांना आपला हात कांपतो. आइस्क्रीमच्या इतिहासांत तसें भय नाहीं. ऐकीव गोष्ट कोठें संपते आणि कागदाचा आधार कोठें सुरू होतो, हें निर्विकार मनानें पाहण्याची संवय करून घ्यावयाची असेल तर अशा लहान विषयासारखा गुरु नाहीं.

पदार्थ तसा साधा. उंच पायाच्या कांचेच्या पेल्यांत आइस्क्रीमचे दोन-तीन गोळे, त्यांवर चॉकलेटचा किंवा फळांचा दाट पाक, वर अक्रोडाचा किंवा बदामाचा भुगा, फेंटलेल्या सायीचा तुरा, आणि सर्वांच्या शिखरावर कळसासारखी एक लालभडक चेरी. याच्या जन्माची प्रचलित कथा अशी: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील लोकांस सोडावॉटरचा मोठा षोक होता. त्यांत आइस्क्रीमचा गोळा टाकून पिण्याची चाल पडल्यावर तर तरुण मंडळींचे थवेच्या थवे सोड्याच्या दुकानांत जमूं लागले. रविवार हा ख्रिस्ती धर्मांत विश्रांतीचा व उपासनेचा दिवस. त्या दिवशीं प्रार्थनामंदिराऐवजीं दुकानांत गर्दी होते हें पाहून धर्मोपदेशक खवळले. व्यासपीठावरून सोड्याचा धिक्कार होऊं लागला आणि कांहीं गांवांनीं रविवारीं तो विकण्यास बंदी केली. तेव्हां कोणा चतुर दुकानदारानें पेल्यांतील सोडा तेवढा वगळला. आइस्क्रीम राहिलें, पाकहि राहिला. नियमांत सोडा निषिद्ध होता, आइस्क्रीम नव्हतें! रविवारचा पदार्थ म्हणून त्याचें नांव ‘संडे’ पडलें. पुढें पवित्र वाराचें नांव खाण्याच्या जिनसेला दिलें म्हणून पुन्हां ओरड झाली, तेव्हां इंग्रजी नांवांतील शेवटचें ‘वाय’ हें अक्षर काढून त्याच्या जागीं ‘ई’ हें अक्षर घालण्यांत आलें.

इलिनॉय संस्थानांतील एव्हन्स्टन हा गांव ह्या कथेचें माहेर म्हणून आपला हक्क सांगतो, आणि त्या गांवाची प्रकृति पाहतां हा हक्क अगदींच अवास्तव वाटत नाहीं. मेथॉडिस्ट पंथाच्या लोकांनीं १८५१ सालीं स्थापिलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाभोंवतीं हा गांव वाढला. विद्यापीठापासून चार मैलांच्या आंत मद्यविक्री होऊं नये असा निर्बंध १८५५ सालीं त्याच्या सनदेंतच घालण्यांत आला. मद्यपाननिषेधाच्या चळवळींतील अग्रणी फ्रान्सेस विलर्ड यांचें घर येथेंच होतें. आणि १९७२ पर्यंत ह्या गांवांत कायदेशीर मद्यविक्री होऊं शकली नाहीं. अशा गांवानें रविवारीं सोड्यासहि मज्जाव केला असें कोणी सांगितलें तर ऐकणारा सहज मान डोलावतो. परंतु मान डोलावणें निराळें आणि पुरावा मिळणें निराळें. एव्हन्स्टनच्या बाजूला संभवनीयता आहे. ज्यावर तारीख घातलेली आहे असा कागद नाहीं.

ही कथा पारखण्यापूर्वीं एका प्रश्नाचा उलगडा केला पाहिजे. आइस्क्रीम आणि सोडा ह्या दोन वस्तु एका दुकानांत, आणि तेंहि औषधाच्या दुकानांत, एकत्र आल्या कशा? ‘संडे’च्या सर्व जन्मकथा बहुधा औषधांच्या दुकानांतच घडतात, तें कां हें समजल्याशिवाय त्या कथांतील माणसें ओळखूं येणार नाहींत.

सोड्याचा इतिहास वैद्यकापासून सुरू होतो. युरोपांतील कांहीं झऱ्यांचें पाणी नैसर्गिक रीत्याच फसफसणारें असे व तें प्रकृतीस हितकर मानलें जाई. इंग्लंडांत लीड्स येथें जोसेफ प्रीस्टले हा धर्मोपदेशक व रसायनशास्त्रज्ञ एका मद्याच्या कारखान्याशेजारीं राहत असे. तेथील पिंपांतून निघणारा वायु पाण्यांत मिसळतां येतो असें त्यानें १७६७ सालीं दाखविलें आणि १७७२ सालीं ती कृति छापून प्रसिद्ध केली. पुढें १७८३ सालीं जिनिव्हा येथें श्वेप यानें असें पाणी विकण्याचा धंदा काढला. अमेरिकेंत येल विद्यालयाचे रसायनाचे अध्यापक बेंजामिन सिलिमन यांनीं १८०६ सालीं न्यू हेवन येथें तें विकण्यास आरंभ केला. औषधी पाणी म्हणून तें औषधवाल्याच्या दुकानांत गेलें. कडू औषधें गोड करण्यासाठीं फळांचे पाक त्याच्या फळीवर आधींच होते. ते पाण्यांत मिसळले गेले, आणि पाहतां पाहतां रोग्यांपेक्षां निरोगी गिऱ्हाइकांचीच दाटी होऊं लागली. फसफसणारें पाणी प्रथम करून दाखविणारा एक धर्मोपदेशक होता, आणि शंभर वर्षांनीं त्याच पाण्याविरुद्ध धर्मोपदेशकांनीं शस्त्र उचललें, हा योग मोठा मौजेचा म्हटला पाहिजे.

दुसरा प्रवाह बर्फाचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यानें १८०६ सालीं मार्टिनिक बेटांत गोठलेल्या तळ्यांतील बर्फ जहाजानें पाठविला तेव्हां लोकांनीं त्यास वेडा ठरविलें. त्याच माणसाचें ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८३३ सालीं सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर कलकत्त्यास पोंचलें. त्यांतील निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता. लगेच १८३४ सालीं अमेरिकन बर्फ मुंबईसहि आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या घरच्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, आणि यजमान व पाहुणे यांस पडसें झाल्याची वार्ता ‘मुंबई समाचारा’नें मोठ्या चवीनें दिली, अशी त्या वेळची गोष्ट सांगण्यांत येते. नव्या सुखाकडे प्रथम संशयानें पाहण्याची रीत सर्व देशांत सारखीच! आपण येथें परदेशी बर्फाकडे कौतुकानें पाहत होतों त्याच सुमारास तो अमेरिकेंत मात्र घरोघरची वस्तु होत चालला होता.

बर्फ स्वस्त झाल्यावर आइस्क्रीमहि स्वस्त होणें क्रमप्राप्त होतें. बर्फांत मीठ मिसळलें असतां त्याची शीतलता शून्याखालीं सुमारें २१ अंशांपर्यंत उतरते, हें तत्त्व जुनेंच होतें. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन ह्या बाईंनीं १८४३ सालीं ह्या तत्त्वावर हातानें फिरविण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटींत गच्चीवर ज्या लांकडी पिंपाचा दांडा मुलांनीं पाळीपाळीनें फिरवावयाचा, तें त्याच घराण्यांतलें. १८५१ सालीं बाल्टिमोरच्या जेकब फसेल नांवाच्या दूधवाल्यानें उरलेल्या सायीचें काय करावें ह्या विवंचनेंतून आइस्क्रीमचा घाऊक कारखाना घातला. शेवटीं १८७४ सालीं फिलाडेल्फियांत फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या पन्नासाव्या वर्षाच्या प्रदर्शनांत रॉबर्ट ग्रीन यानें सोड्यांत आइस्क्रीम घालून विकलें. ह्या कृतीचा त्यास इतका अभिमान होता कीं, १९२० सालीं तो वारला तेव्हां आइस्क्रीम-सोड्याचा जनक अशी नोंद त्याच्या थडग्यावर कोरण्यांत आली. अशा रीतीनें पाक, सोडा आणि आइस्क्रीम एका फळीवर आलीं. आतां सोडा वगळण्याचें तेवढें काम शिल्लक राहिलें होतें.

तें कोणी केलें? विस्कॉन्सिन संस्थानांत मिशिगन सरोवराच्या कांठीं टू रिव्हर्स नांवाचा गांव आहे. त्याचें म्हणणें असें कीं, १८८१ सालीं एड बर्नर्स याच्या दुकानांत जॉर्ज हॅलॉर नांवाचें गिऱ्हाईक आलें आणि सोड्यासाठीं ठेवलेला चॉकलेटचा पाक आइस्क्रीमवर ओतून दे म्हणाले. बर्नर्सनें तसें करून पाहिलें, आणि पदार्थ लोकांच्या जिभेवर बसला. शेजारच्या मॅनिटोवॉक गांवचा दुकानदार गिफी हा तो परवडत नाहीं म्हणून केवळ रविवारीं विकी. एके दिवशीं, वार रविवार नसतां, एक लहान मुलगी आली आणि आज रविवार आहे असें समजून मला तें द्या म्हणून हट्ट धरून बसली. तेव्हांपासून त्याला रविवारचें नांव चिकटलें. कथा इतकी गोड आहे कीं, ती खोटी ठरूं नये असें आपल्यालाहि वाटतें. विस्कॉन्सिनच्या इतिहासमंडळानें १९७३ सालीं टू रिव्हर्स येथें तिचा स्मृतिफलकहि उभारला.

परंतु फलक हा पुरावा नव्हे. तो पुराव्यावरील विश्वास होय. १८८१ सालीं बर्नर्सनें विशीहि ओलांडलेली नव्हती. एवढ्या वयांत तो स्वतंत्र दुकानाचा मालक असेल ही गोष्ट संशयास्पद आहे. १९३९ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या गांवच्याच वृत्तपत्रानें त्याच्या पहिल्या संडेचें साल १८९९ असें दिलें. अठरा वर्षांचें हें अंतर लहान नाहीं. शिवाय ही सारी हकीगत घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं, वृद्धांच्या आठवणींतून, लिहून काढलेली. वृद्ध माणसें खोटें बोलतात असें मुळींच नाहीं. परंतु स्मृति ही साठवणीच्या लोणच्यासारखी असते. ती टिकते, मुरते, आणि मुरतां मुरतां मूळ फोडीची चव बदलून टाकते.

आतां न्यू यॉर्क संस्थानांतील इथाका गांवाकडे वळूं. कॉर्नेल विद्यापीठामुळें हा गांव आपल्याकडील विद्यार्थ्यांसहि परिचित आहे. येथील हकीगत अशी: १८९२ सालच्या एप्रिलच्या ३ तारखेस, रविवारीं, युनिटेरियन पंथाचे उपदेशक जॉन स्कॉट हे प्रार्थना आटोपल्यावर ‘प्लॅट अँड कोल्ट’ ह्या औषधांच्या दुकानांत आले. दुकानाचा एक मालक चेस्टर प्लॅट हा त्यांच्या प्रार्थनामंदिराचा खजिनदार होता. दोघे गप्पा मारीत बसले असतां प्लॅटनें आइस्क्रीमच्या दोन बशा मागविल्या, आणि नुसतें आइस्क्रीम काय खावयाचें म्हणून त्यावर चेरीचा पाक ओतून वर एक साखरेंत मुरविलेली चेरी ठेवली. पदार्थ दोघांसहि आवडला. नांव काय द्यावें असा प्रश्न निघाला, तेव्हां उपदेशकांनींच त्या दिवसाचें नांव सुचविलें. दुकानांतील एका जुन्या नोकरानें ही हकीगत १९३६ सालीं पत्रांत लिहून ठेविली.

इथपर्यंत इथाकाची कथा टू रिव्हर्सच्या कथेपेक्षां श्रेष्ठ नाहीं. १९३६ सालचें पत्र म्हणजे चव्वेचाळीस वर्षें मुरलेली आठवणच. परंतु इथाकाच्या हातीं आणखी एक कागद आहे. त्या रविवारानंतर दोनच दिवसांनीं, म्हणजे मंगळवार, ५ एप्रिल १८९२ रोजीं, ‘इथाका डेली जर्नल’ ह्या पत्रांत त्या दुकानाची जाहिरात छापून आली: ‘चेरी संडे’ हा आइस्क्रीमचा नवा प्रकार, किंमत दहा सेंट, केवळ आमच्या दुकानीं मिळेल. दोन महिन्यांच्या आंत त्याच दुकानांत स्ट्रॉबेरीचाहि संडे मिळूं लागला. पुढें १८९४ सालीं ह्या नांवाचा व्यापारी हक्क नोंदवितां येईल कीं काय याबद्दल प्लॅटनें वकिलांशीं केलेल्या पत्रव्यवहाराचाहि पुरावा सांपडला आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ह्या दोन गांवांमधील वाद पुन्हां पेटला तेव्हां इथाकाच्या बाजूनें जुन्या वृत्तपत्रांचीं पानें चाळणाऱ्यांत शाळेंत शिकणाऱ्या दोन मुली होत्या, हें मला फार आवडलें. इतिहासाला पदवी लागत नाहीं. डोळे आणि चिकाटी लागते.

ह्या कागदानें काय सिद्ध झालें आणि काय झालें नाहीं, हें नीट वेगळें केलें पाहिजे. आइस्क्रीमवर गोड पाक ओतण्याची कल्पना जगांत सर्वांत आधीं इथाकांत निघाली असें त्यावरून ठरत नाहीं. तसें कोणत्याहि कागदावरून ठरणारहि नाहीं. पाक आणि आइस्क्रीम एका फळीवर असतां एकाहि माणसाला, एकाहि मुलाला, तें मिसळावेंसें वाटलें नसेल हें संभवतच नाहीं. त्याच सुमारास, १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत एस्कॉफिए हा फ्रेंच पाकशास्त्री नेली मेल्बा ह्या गायिकेच्या सन्मानार्थ आइस्क्रीमवर पीच फळें मांडून बर्फाच्या हंसांतून तीं वाढीत होता. पुढें त्यांत रासबेरीच्या रसाची भर पडली. तेव्हां वस्तूचा जनक कोण हा प्रश्न सोडून द्यावा हें बरें. नांव मात्र निराळें. नांव हें एकदांच, एका ठिकाणीं दिलें जातें. आणि आइस्क्रीमच्या पदार्थाला रविवारचें नांव दिल्याचा इथाकाच्या जाहिरातीइतका जुना छापील दाखला दुसऱ्या कोणत्याहि गांवानें पुढें केलेला नाहीं. बारशाचा कागद इथाकाकडे आहे. जन्माचा कोणाकडेच नाहीं.

आणि येथेंच आपल्या आरंभीच्या सिद्धांतास धक्का बसतो. निषेध चुकविण्यासाठीं हा पदार्थ निघाला असता तर त्याच्या बारशाच्या वेळीं धर्मोपदेशक हा शत्रु म्हणून उभा असावयास हवा होता. इथाकाच्या कथेंत तर तो स्वतः चमचा हातीं घेऊन बसला आहे! ह्या भागाचा आधार आठवणीचाच आहे, हें मी वर सांगितलें. जाहिरात उपदेशकाविषयीं एक अक्षरहि बोलत नाहीं. परंतु ती जें बोलते तेंहि विचार करण्यासारखें आहे. जो माणूस प्रार्थनामंदिराचा पैसा सांभाळतो, तो आपल्या गांवांत, आपल्या नांवानें, रविवारचें नांव दिलेला खाद्यपदार्थ मंगळवारच्या पत्रांत उघड जाहीर करतो. यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें त्यास वाटलेलें दिसत नाहीं. चोरवाटेनें जाणारा माणूस दिंडी काढीत नाहीं.

मग निषेधाची कथा इतकी लोकप्रिय कां झाली? माझ्या मतें तिचें कारण पदार्थांत नाहीं, सांगणाऱ्यांच्या मनांत आहे. सुखाला कांहींतरी निमित्त लागतें, तें कोणाला तरी फसवून मिळविलेलें असावें लागतें, अशी आपली एक गुप्त समजूत असते. सरळ वाटेनें आलेल्या सुखाची गोष्ट सांगण्यासारखी होत नाहीं. एक धर्मोपदेशक व एक दुकानदार रविवारीं दुपारीं गप्पा मारीत बसले आणि त्यांनीं कांहीं गोड खाल्लें, यांत नाट्य तें कोणतें? म्हणून लोकांनीं उपदेशकास व्यासपीठावर चढविलें, त्याच्या हातून चमचा काढून घेतला आणि शिव्याशापांचा ग्रंथ दिला.

तथापि निषेधाचा ह्या पदार्थाच्या चरित्राशीं कांहींच संबंध नाहीं असें म्हटलें तर तोहि अन्याय होईल. नांवाचेंच पाहा. आरंभीं ज्याला जसें सुचे तसें तो तें लिही. न्यू इंग्लंडांत तर ह्या पदार्थाला कॉलेजांतलें आइस अशा अर्थाचें निराळेंच नांव होतें. ‘वाय’ जाऊन ‘ई’ कां आलें याचें नेहमीं दिलें जाणारें कारण श्रद्धाळूंची नाराजी हेंच आहे. गंमत ही कीं, हा सारा वेषपालट रोमन लिपींतला. आपल्याकडील दुकानाच्या पाटीवर देवनागरींत ‘संडे’ असें लिहितात तेव्हां वार कोणता आणि पदार्थ कोणता हें अक्षरांवरून ओळखतां येत नाहीं. इंग्रजी शब्दानें धर्मभयास्तव घेतलेलें सोंग आपल्या लिपीनें नकळत उतरवून ठेविलें आहे. प्लॅटच्या जाहिरातींतील नांव शंभराहून अधिक वर्षांनीं आपल्या पाट्यांवर जसेंच्या तसें परत आलें आहे.

निषेधाचा खरा हातभार पुढें लागला. १९२० च्या जानेवारीपासून १९३३ च्या डिसेंबरपर्यंत सबंध अमेरिकेंत दारूबंदी होती. गुत्ते बंद झाले; संध्याकाळीं चार माणसांनीं जमावें कोठें हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचें एक उत्तर सोड्याच्या व आइस्क्रीमच्या दुकानांनीं दिलें. ॲनहायझर-बुश आणि यंगलिंग यांसारख्या बिअर गाळणाऱ्या कंपन्याहि त्या काळांत आइस्क्रीम करूं लागल्या. तेव्हां निषेधानें ह्या पदार्थाला जन्म दिला नाहीं, पण त्याच्या तारुण्यांत त्याचें पोषण केलें, असा निवाडा द्यावा लागतो. दाई आणि आई यांतला फरक इतिहासकारानें विसरतां कामा नये.

ह्या वाढींत ज्यांचे हात लागले त्यांतील पुष्कळांचीं नांवें कोणी घेत नाहींत. आइस्क्रीम चमच्याला चिकटतें, गोळा सुटत नाहीं, ही दुकानांतील नोकरांची रोजची पीडा होती. पिट्सबर्गच्या आल्फ्रेड क्रॅले ह्या कृष्णवर्णीय गृहस्थानें तीवर उपाय काढला आणि १८९७ सालीं, एका हातानें गोळा काढून सोडतां येईल अशा साधनाचें पेटंट मिळविलें. आज जगांतील प्रत्येक आइस्क्रीमच्या दुकानांत त्या साधनाचे वंशज आहेत. केळें उभें चिरून त्यांत तीन गोळे मांडण्याची तऱ्हा १९०४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील लॅट्रोब गांवीं डेव्हिड स्ट्रिकलर ह्या औषधांच्या दुकानांतील उमेदवारानें काढली असें म्हणतात. ओहायोंतील विल्मिंग्टन गांव मात्र तो मान आपल्या अर्नेस्ट हॅझर्ड याला देतो आणि साल १९०७ सांगतो. येथेंहि दोन गांव, येथेंहि वाद, आणि दोन्ही गांवांत उत्सव! संडेच्या कुळांत भाऊबंदकी आनुवंशिक दिसते.

इतकें कुलवृत्त झाल्यावर त्याच्या आस्वादाविषयीं दोन शब्द न लिहिणें म्हणजे पंक्तींत बसवून पान न वाढण्यासारखें होईल. थंडीनें जीभ अंशतः बधिर होते व गोडी कमी जाणवते. म्हणून आइस्क्रीमांत साखर सढळ हातानें घालावी लागते, आणि तेंच वितळल्यावर जास्त गोड लागतें. संडेची खुबी ह्या नियमांत आहे. वरचा पाक कोमट किंवा कढत असतो. त्याची गोडी जिभेला तत्काळ कळते, आणि ती ओसरतांना खालच्या थंड सायीची चव हळूच वर येते. कढत चॉकलेट आइस्क्रीमला टेकतांच जागच्या जागीं घट्ट होऊं लागतें. एका घांसांत पातळ, चिवट व मऊ अशा तीन अवस्था सांपडतात. त्यांत खारवलेल्या दाण्याचा कण आला म्हणजे गोडीला धार चढते. आपल्याकडे पुरणपोळीबरोबर कटाची आमटी असते ती याच न्यायानें. चेरी आधीं खावी कीं शेवटीं, हा मात्र पंथभेदाचा प्रश्न आहे व त्यांत शिरण्याचें मला धैर्य नाहीं. इतकेंच सांगतों कीं, हा पदार्थ रेंगाळणाऱ्याचा नव्हे आणि घाई करणाऱ्याचाहि नव्हे. उशीर केला तर पेल्यांत नुसतें गढूळ दूध उरतें. घाई केली तर कपाळांत कळ येते. ज्याला दोहोंमधला वेळ साधतो त्यालाच तो प्रसन्न होतो.

आणि आतां पुन्हां एकादशीकडे. लेखाच्या आरंभीं मी उपवासाच्या फराळाला निषेधाच्या फटींतून निघालेला पदार्थ म्हटलें. इथाकाची जाहिरात वाचल्यावर मला त्या विधानाचा थोडा संकोच वाटूं लागला आहे. पहांटे उठून साबुदाणा भिजविणारी, दाण्याचें कूट करणारी, देवाला नैवेद्य दाखवून मगच घरांतल्या मुलांच्या पुढें ताटली ठेवणारी माउली कोणाला फसवीत होती काय? तिच्या मनांत शास्त्राशीं कज्जा नव्हता. दिवस निराळा आहे, तेव्हां ताटांतलेंहि कांहीं निराळें असावें, एवढीच तिची भावना. म्हण रचणाऱ्यानें तिच्याकडे बाहेरून पाहिलें आणि लबाडी पाहिली. जरा आंत जाऊन पाहिलें असतें तर त्याला सण दिसला असता. १८९२ सालच्या त्या रविवारीं औषधांच्या बाटल्यांच्या सान्निध्यांत बसलेल्या त्या दोन गृहस्थांनींहि याहून अधिक कांहीं केलें नाहीं. आठवड्याच्या एका निराळ्या दिवसाला त्यांनीं एक निराळी चव दिली, आणि कृतज्ञतेनें तिला त्या दिवसाचेंच नांव ठेविलें.